पाळण्याच्या कडीला तुझी सॅक

कुंदा, परवा तुझी सॅक मी पुन्हा पाळण्याच्या कडीला टांगली. आत तांदूळ, तूरडाळ आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेला वरवंटा, सगळं तू भरायचीस तसंच. फक्त खाली उभं राहून “टांग गं, घाबरतेस काय, कापड आहे, काच नाही,” असं ओरडायला तू नव्हतीस. मी स्टुलावर चढले, दोन्ही हातांनी ते ओझं उचललं आणि सवयीनं थांबले. तू ओरडशील म्हणून थांबले. शेवटी तुझी अनूच म्हणाली, “मावशी, टांग ना.”

तुला जाऊन महिना उलटला. साध्या तापाचं निमित्त झालं, असं सगळे जिन्यात उभे राहून एकमेकांना सांगतात. हॉस्पिटल, सलाईन, कोण डॉक्टर काय म्हणाला, ते मी इथे लिहिणार नाही. तुला तसलं बोलणं आवडायचं नाही. “माणूस गेलं की लोक फक्त त्याचं आजारपण सांगत बसतात, त्याआधी काय ते जगलंच नव्हतं?” असं तू फणकारायचीस. म्हणून मी आपल्या भांडणाबद्दल बोलते. ते अर्धवट टाकून तू निघून गेलीस, आणि हे काही बरं केलं नाहीस.

ते कापड तू पहिल्यांदा आणलंस ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. आपल्या मजल्यावर नुकताच पहिला रंगीत टीव्ही आला होता आणि अख्खी बिल्डिंग त्या घरात जाऊन बसली होती. तू मरोळहून, कारखान्याच्या ऑफिसमधून आलीस ती टीव्हीकडे ढुंकूनही न बघता माझ्या दारात. तुझ्या कारखान्याशेजारी रेनकोट शिवणाऱ्याचा गाळा होता, त्याच्याकडे उरलेले तुकडे तू मागून आणले होतेस. निळे बरेच, केशरी एकच. “पॅराशूटचं कापड आहे, मालू!” म्हणालीस. त्या कापडानं जन्मात पॅराशूट पाहिलं नसेल, पण आपल्याकडे पातळ नायलॉन म्हटलं की ते पॅराशूटचंच. तू मला डोळे मिटायला लावलेस, तुकडा तळहातावर ठेवलास आणि विचारलंस, हातात काही आहे असं वाटतंय का? मला खरंच वाटत नव्हतं. पण मी कशाला कबूल करतेय! “भाजीवाल्याची पिशवी बरी यापेक्षा,” म्हणाले.

मी पडले कॅनव्हासवाली. माझी ती मिलिटरीच्या जुन्या सामानातली हिरवी सॅक, पितळी बकलांची, रिकामी असतानाच अर्ध्या माणसाएवढी जड. त्यात मी स्टोव्ह घालायची, तांब्या घालायची, एकदा तर लोणच्याची बरणी घातली होती. माहुली गडाच्या पायथ्याशी तू ती बरणी बाहेर काढून आपल्या ट्रेकच्या अख्ख्या ग्रुपला दाखवलीस. “ही बाई गड चढत नाहीये, बिऱ्हाड हलवतेय!” पोरं हसून लोळायची बाकी होती. मी रागानं लाल झाले, आणि दुपारी त्याच लोणच्याबरोबर तू तीन भाकऱ्या हाणल्यास, हेही मला आठवतं.

आणि माझं एकच पालुपद. हलकं टिकत नाही, कुंदे. घेताना मजा वाटते, उन्हात दोन वर्षं गेली की टराटरा फाटतं. वस्तू कशी हवी, आईची पैठणी कशी मुलीला जाते, तशी. तू म्हणायचीस, “पैठणी कपाटात असते म्हणून टिकते गं. तिला गडावर ने, मग बोल.” मी म्हणायची, बघच तू. तू म्हणायचीस, बघच तू. इतकी वर्षं आपण दोघी एकमेकींना बघच म्हणत आलो.

सॅक शिवलीस तो आठवडा तुमच्या घरात नुसता गोंधळ होता. नायलॉन कापलं की त्याच्या कडेचे धागे सुटायला लागतात, ओढावे तितके निघत राहतात. तू त्यावर उपाय काढलास उदबत्तीचा. देवासमोरची पेटती उदबत्ती उचलायची आणि कापलेल्या कडेवरून हळूच फिरवायची. कड वितळायची, आकसायची, टणक व्हायची. घरभर चंदन आणि जळकं प्लॅस्टिक, असा काहीतरी भलताच वास. माई, तुझ्या सासूबाई, स्वयंपाकघरातून धावत आल्या. “अगं, देवाची उदबत्ती ती! शिवणाला लावतेस?” तू शांतपणे म्हणालीस, “देवाला दाखवूनच आणलीय, माई. आणि जळलेली कड कधी उसवत नाही, बघा.” माई तणतणत आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उदबत्तीचा पुडा डब्यात लपवून ठेवला, आणि तू तो दर वेळी शोधून काढलास.

मशीन माईंचंच, पायाचं, जुनं. नायलॉनचा दोरा त्याला झेपेना, सारखा तुटायचा. वैतागून तू शेवटी घरातलं साधं सुती रीळ लावलंस आणि सगळी सॅक त्याच दोऱ्यानं शिवलीस. मी तिथेच बसून होते, चहा पीत. दोऱ्याबद्दल तुझ्याही मनात काही आलं नाही, माझ्याही नाही. आपली सगळी अक्कल कापडावर खर्च होत होती.

आणि मग ती चाचणी. अनूच्या पाळण्याची छतातली कडी अनू मोठी झाली तरी तुम्ही काढली नव्हती. दर मोठ्या ट्रेकच्या आधी तू त्या कडीला भरलेली सॅक टांगायचीस आणि दिवसभर तशीच ठेवायचीस. पाहुणे यायचे, डोक्यावर हे काय लोंबतंय म्हणून दचकायचे. तू त्यांना म्हणायचीस, “थोरली मुलगी. झोके घेतेय.”

तुला एक सांगू? मी तुझा चेहरा कमी पाहिला, पाठ जास्त पाहिली. माझं ओझं जास्त, माझी चाल मंद, तेव्हा सगळ्या वाटांवर तू पुढे आणि मी मागे. हरिश्चंद्रगडाच्या त्या चढावर धुकं असं उतरलं की आपलाच हात दिसेना. मला फक्त तुझ्या सॅकची वरची केशरी झडप दिसत होती, आणि तिची सळसळ ऐकू येत होती. माझा कॅनव्हास पाणी पिऊन मणामणाचा झालेला, खांदे सोलवटलेले, आणि मी त्या केशरी ठिपक्यामागे चालत होते. मध्येच तू थांबलीस, एक शब्द न बोलता माझा स्टोव्ह काढून स्वतःच्या सॅकमध्ये घातलास आणि पुन्हा चालू लागलीस. नंतर कधी त्याचा उच्चारही केला नाहीस. एवढं भांडणारी बाई, पण हातात आलेला मुद्दा तिथे सोडून दिलास. त्याबद्दल थँक्यू म्हणायचं राहून गेलं. आता म्हणते.

ती सळसळ मला आता छळते, कुंदा. तुमचं दार उघडं, माझं दार उघडं, मध्ये चार पावलांचा व्हरांडा. खुंटीवर ती रिकामी सॅक. तिला वजनच नाही, पंखा लागला की हलते, भिंतीला घासते. तू गेल्यानंतरच्या रविवारी दुपारी मी भांडी घासत होते आणि तो आवाज आला. माझ्या तोंडून “आले गं” निघून गेलं. ओल्या हातांनी मी तुमच्या दारात येऊन उभी राहिले. समोर तुझा फोटो, फोटोपुढे उदबत्ती, आणि बाजूला माई पंख्याच्या बटणाशी उभ्या. त्यांनी पंखा बंद केला. एप्रिलची दुपार, अंगाचं पाणी पाणी होत होतं, तरी त्यांनी बंद केला. सॅक थांबेपर्यंत आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो.

त्यानंतर तुमच्या घरात पंखा लागेनासा झाला. अनूचे बाबा, सुधाकरभाऊजी, ऑफिसमधून येतात, गॅलरीत वर्तमानपत्रानं वारा घेत बसतात. पंखा का बंद, ते विचारत नाहीत. तुझे चपला-बूट त्यांनी स्वतः कुणाला तरी देऊन टाकले, पण सॅककडे ते बघतच नाहीत.

मग माईंनी बोहारणीला बोलावलं. तुझ्या रोजच्या साड्या गेल्या, त्यांच्यावर दोन स्टीलचे डबे आले. मला हे आवडलं नाही, पण त्यांच्या घरचा मामला. शेवटी माईंनी सॅक पुढे केली. बोहारणीनं कापड चिमटीत धरून चोळलं, कानाशी नेलं, आणि परत खाली ठेवलं. “याचं काय करू आज्जी? ना नेसायला, ना पुसायला. एक चमचासुद्धा नाही येणार याचा.” मी दारातच होते. हसू आलं आणि लगेच रडू आलं. मी तुझ्या कापडाला आयुष्यभर जे म्हणत आले, तेच त्या बाईनं म्हटलं होतं, आणि मला तिचा असा राग आला म्हणून सांगू!

खरी गोष्ट त्यानंतर झाली. अनूचा हिमालयातला कॅम्प मे महिन्यात, हे तुला माहीतच होतं. तूच पैशांपासून स्वेटरपर्यंत सगळं ठरवलं होतंस, आणि सॅकही तुझीच घेऊन जायला तूच तिला सांगितलं होतंस. अनू त्या एका गोष्टीवर अडून बसली. जाईन तर आईचीच सॅक घेऊन, नाहीतर जाणारच नाही. माई म्हणाल्या, गेलेल्या माणसाची वस्तू पोरीच्या पाठीवर नको. वर डोंगर, थंडी, परका मुलूख. दोघींचं बोलणं बंद झालं. अनू जेवेना. आणि मग माई माझ्याकडे आल्या, माझ्या स्वयंपाकघरात, पाटावर बसल्या. “मालती, ती तुझं ऐकेल. तूच म्हणायचीस ना, हे कापड टिकत नाही? तेवढंच सांग तिला. खोटं कुठे बोलायचंय?”

बघ, कशी पकडले गेले मी! माझंच वाक्य माझ्या हातात आणून दिलं. आणि ते वाक्य मला आता उच्चारवत नाही, कुंदा. का, ते तुला ठाऊक आहे. हॉस्पिटलमध्ये चादर बदलायची होती, आया येईना, म्हणून मी तुला उचललं. मी, जिला स्वतःची सॅक उचलताना धाप लागायची. तू माझ्या दोन हातांवर होतीस आणि मला काही उचललंय असं वाटत नव्हतं. तू माझ्याकडे बघून हसलीस. “काय गं मालू, हलकं टिकत नाही ना?” मी चादर नीट केली, कोपरे खोचले, पाणी हवं का विचारलं. बाकी काही नाही. ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं होईल, हे कुणाला ठाऊक होतं?

माईंना मी म्हणाले, मी आधीच काही सांगणार नाही. कुंदा करायची तसं करू. कडीला टांगू. टिकली तर अनू घेऊन जाईल, नाही टिकली तर मी स्वतः तिला नाही म्हणेन. माई पाटावरून उठल्या आणि म्हणाल्या, बरं.

म्हणून ते परवाचं. मी टांगलं आणि स्टुलावरून उतरले. अगं, भरल्यावर ती तुझ्या पाठीसारखी दिसते. पट्टे जिथे वाकायचे तिथेच वाकतात, डावी बाजू जरा खाली, कारण तू डावा खांदा पाडून चालायचीस. खोलीच्या मधोमध कुणीतरी आपल्याकडे पाठ करून उभं आहे असं वाटत होतं. माईंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्या आत गेल्या. अनू खाली भिंतीला टेकून बसली आणि वर बघत राहिली. मी पंखा लावला. मुद्दामच लावला. म्हटलं, किती दिवस घाबरायचं हिला?

दुपारपर्यंत काही झालं नाही. मला वाटलं, झकास, जिंकलीस तू. आणि चहा ठेवायला म्हणून उठले तोच तर्रर्र आवाज झाला. उजवा पट्टा सुटला, सॅक एका अंगानं कलंडली, वरची गाठ सैल झाली आणि तूरडाळ धो धो खाली आली. वरवंटा आतच अडकला म्हणून बरं, नाहीतर अनूच्या पायावर पडला असता. माई दारात येऊन उभ्या. “गेली ना?” एवढंच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मला तुला सांगायलाच हवं. अनू डाळीत बसून रडायला लागली. तू गेलीस तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

मी सॅक खाली उतरवली. नाही म्हणायचं कबूल केलं होतं, शब्द जिभेवर आला होता. पण म्हटलं, काय फाटलंय ते तरी बघू. खिडकीशी नेऊन बघितलं. कुंदा, कापड फाटलंच नव्हतं! एक धागा हललेला नव्हता. गेला होता तो दोरा. ते घरातलं सुती रीळ. घाम, ऊन, पाऊस पिऊन पिऊन इतका कुजला होता की नख लावलं तर त्याची पूड झाली. आपण दोघी इतकी वर्षं कापडावरून भांडलो आणि दोऱ्याकडे एकीनंही बघितलं नाही. एवढ्या दोन शहाण्या!

सगळंच काही छान नाहीये हं, उगीच फुशारू नकोस. आतला पाणी अडवणारा लेप सुटलाय, झटकलं की पांढरे पापुद्रे पडतात. पाऊस आला तर सगळं भिजणार, आत प्लॅस्टिकची पिशवी घालायला हवी. केशरी झडप उन्हानं पार फिकी झालीय, पिकल्या पपईची साल असते तशी, आणि तिचं कापड खरंच कमजोर वाटतं. मी अनूला म्हटलं, माझ्या कॅनव्हासचा एक तुकडा काढून वर लावते, भक्कम होईल. त्या कॅनव्हासलाही माळ्यावर बुरशी येऊन उंदरांनी दोन भोकं पाडलीयत, ते मात्र मी तिला सांगितलं नाही. अनूनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि म्हणाली, “नको मावशी. वजन वाढेल.”

तुझेच शब्द, तुझाच ठसका.

नायलॉनचं रीळ मी घाटकोपरला, मी नोकरी करते त्या टेलिफोन एक्स्चेंजजवळच्या दुकानातून जाड सुईसकट आणलं. मशीन माईंचंच. पण एक अडचण होती. साध्या कापडात टाका उसवला की भोक बुजतं. या कापडात नाही. सुई एकदा गेली की तिथे कायमचं भोक. नवी भोकं पाडली असती तर कड कागदासारखी फाटून हातात आली असती. म्हणून पाय न मारता मी चाक हातानं फिरवलं, आणि सुई एकेका टाक्याला बरोबर तुझ्याच भोकात उतरवली. अनू कापड धरून बसली होती. जिथे जिथे जुना सुती दोरा होता तिथे तिथे नवा घातला, सगळी संध्याकाळ गेली. तू कुठे सरळ गेलीस, कुठे घाई केलीस, सगळं सुईला कळत होतं. उजव्या पट्ट्याच्या खाली तुझी शिवण एकदम तिरकी जाते. तिथे तू मान वळवून माझ्याशी भांडत होतीस, मला ठाऊक आहे, मी समोरच बसले होते. मी तिथेही तिरकीच शिवली. आणि ज्या कडा तू उदबत्तीनं जाळल्या होत्यास, त्यातली एकही उसवली नव्हती. मी बोटानं सगळ्या चाचपून बघितल्या.

काल सकाळी पुन्हा कडीला टांगून बघितली. तांदूळ, डाळ, वरवंटा, आणि हट्टानं माझा स्टोव्हही आत. दुपारपर्यंत हलली नाही. मी माईंना म्हटलं, “माई, कापड टिकलंय. खोटं नाही बोलता येणार.” त्यांनी मान हलवली. हो म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी अनू निघाली. सुधाकरभाऊजी स्टेशनवर सोडायला. तिनं सॅक पाठीला लावली, आणि पट्टे ओढायची वेळच आली नाही, तुझ्या मापाचेच तिला बसले. फोटोच्या पाया पडली, माझ्या पडली. माईंच्या पडायला वाकली तेव्हा माईंनी तिचा खांदा धरून ठेवला. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर पुन्हा नको म्हणतील. त्यांनी डोळ्यांजवळ पट्टा घेऊन बघितला. माझ्या शिवणीच्या टोकाला नायलॉनचा दोरा बोटभर सुटा राहिला होता. घाईत मी तो कापायला विसरले होते.

माई वळल्या. तुझ्या फोटोपुढची पेटती उदबत्ती त्यांनी उचलली, राख झटकली, आणि त्या दोऱ्याच्या टोकाला लावली. दोरा आकसला, त्याचा बारीक काळा मणी झाला. घरभर तो वास पसरला, चंदनाचा आणि जळक्या प्लॅस्टिकचा. “उसवेल नाहीतर,” माई म्हणाल्या, आणि उदबत्ती पुन्हा तुझ्यासमोर लावून ठेवली.

मी गॅलरीत उभी होते. अनू गल्लीतून गेली, डावा खांदा जरा पाडून, आणि वळणापर्यंत मला फक्त ती फिकी केशरी झडप दिसत होती. टिकतं गं, कुंदा. हे मला तुला हॉस्पिटलमध्येच सांगायचं होतं.